आवक लावून घेताना: इंदूरच्या एका टॅक्स ऑफिसातले मेसेज, मेल आणि नोटिसा

महिन्याची ७ तारीख टीडीएसची (कापून घेतलेला कर भरायची), ११ जीएसटीआर-वनची (विक्रीचं रिटर्न), १४ ला टूबी (पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) तयार होतं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न). इंदूरच्या कुठल्याही टॅक्स ऑफिसात महिना असाच मोजतात. तारखा पाठ असतात, काम येत असतं, माणसंही असतात. तरी ९ आणि १० तारखेला जी तारांबळ उडते ती कामापेक्षा शोधाशोधीची जास्त. सियागंजच्या व्यापाऱ्याने पाठवलेलं बिल कुणाच्या फोनवर आलं? पालद्याच्या कारखान्याचं बँक स्टेटमेंट मेलवर आहे की व्हॉट्सॲपवर? जेल रोडच्या पार्टीने (ग्राहकाला आम्ही पार्टीच म्हणतो) परवा व्हॉइस मेसेजमध्ये नेमकं काय रद्द करायला सांगितलं होतं?

ही आवक आमच्या ऑफिसात आम्ही मुळापासून लावून घेतली. तिची सगळी रीत इथे मांडतोय, कारण या विषयावर जो सल्ला मिळतो तो बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कामाकडे बघून दिलेला असतो: नोटिफिकेशन बंद करा, इनबॉक्स रिकामा ठेवा. आमच्या धंद्यात इनबॉक्स रिकामा असूनही नोटीस चुकू शकते, कारण ती कधी कधी इनबॉक्सात येतच नाही, जीएसटीच्या सरकारी पोर्टलच्या एखाद्या आतल्या टॅबमध्ये पडून राहते. आणि आमच्या पार्ट्यांचे मुनीमजी मेल करत नाहीत, करणारही नाहीत. तेव्हा उपाय आपल्या बाजारालाच धरून शोधावा लागतो. आमच्या सगळ्या रचनेचा पाया एकच: मेसेज जिथे येतो तिथे तो काम म्हणून पडून राहता कामा नये. आलेली गोष्ट एक तर तारखेसकट रजिस्टरात चढली पाहिजे, नाही तर फाइल होऊन फोल्डरात गेली पाहिजे, नाही तर निघून गेली पाहिजे.

सुरुवात मोजणीने करावी, आणि ती ५ ते ११ तारखेच्या दरम्यान करावी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोजलं तर सगळं आलबेल दिसतं. प्रत्येकाच्या टेबलावर एक आखलेला कागद, रकाने चार: काय आलं, कुठून आलं, त्यावर काही करायचं होतं का, आणि हेच आधी दुसरीकडून आलं होतं का. मोजणी कागदावरच ठेवावी, कारण मोजण्यासाठी आणखी एक ॲप उघडायला लावलं की कुणी मोजत नाही.

डोळे उघडतात ते चौथ्या रकान्याने. खरेदीच्या एकाच बिलाचा फोटो आधी मुनीमजी पाठवतात, मग मालक पाठवतात, मालकांचा मुलगा तोच ग्रुपवर टाकतो, आणि महिनाअखेरीस तेच बिल पीडीएफ होऊन मेलने येतं. चार जण चार ठिकाणी ते उघडतात. फोटो अंधुक असेल आणि बिल नंबरातला ७ कुणी १ वाचला, तर टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, ते वेगळं बिल वाटतं आणि खरेदी दोनदा चढते. टूबीशी मेळ घालताना ती चूक सापडते खरी, पण तेव्हा १८ तारीख उजाडलेली असते. म्हणजे ओझं नुसतं जास्त येण्याचं नव्हतं, तेच ते पुन्हा पुन्हा येण्याचंही होतं. ही दोन दुखणी वेगळी, म्हणून औषधंही वेगळी.

पहिलं औषध: मागणंच कमी करायचं. यावर मी जरा थांबतो, कारण याने जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या कशानेच पडत नाही. ज्या पार्टीकडे स्वतःची टॅली आहे आणि मुनीमजी रोजची नोंद करतात, तिच्याकडून बिलांचे फोटो घेणं सरळ बंद केलं. महिन्याच्या ५ तारखेला टॅलीचा एक बॅकअप किंवा खरेदी-विक्री रजिस्टरची एक एक्सेल फाइल, एवढंच. मूळ बिल पार्टीच्या ताब्यात असावंच लागतं, त्याशिवाय क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. पण ते पार्टीच्या दुकानातल्या फाइलीत असलं म्हणजे झालं, आमच्या फोनमध्ये असायची गरज नाही. आम्ही ती एक्सेल टूबीशी ताडून पाहतो आणि जिथे मेळ बसत नाही तेवढ्याच बिलांचे फोटो मागवतो. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टम आहे. पुरवठादाराने बिल टाकलं की ते टूबी तयार होण्याआधीच तिथे दिसतं. त्यामुळे 'माझं अमुक बिल आलं का' या प्रश्नासाठी पार्टीला फोटो पाठवायला लावायचं कारण उरलं नाही. ज्यांची उलाढाल ५ कोटींवर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचा आहे, तेव्हा त्यांची विक्री जीएसटीआर-वनमध्ये बरीचशी आपोआप भरून येते. तिथेही विक्रीची बिलं मागत बसू नये, आकडे जुळवून पाहावेत.

फोटो मागवावाच लागला तर कसा, हेही एकदा सांगून ठेवावं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षर पुसट होतं. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. बिलाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. बहुतेक वेळा कापला जातो तो वरचा भाग, आणि पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटी नंबर नेमका तिथेच असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. ते दिसले नाहीत तर खरेदी राज्यातली की बाहेरची, सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी, यासाठी पुन्हा एक मेसेज, पुन्हा एक फोन. एक फोटो नीट आला की मागचे हे सगळे मेसेज वाचतात.

दुसरं औषध: दारं कमी करायची. आमच्याकडे आता तीनच आहेत. कागदपत्रांसाठी ऑफिसचा एक मेल आणि ऑफिसचा एक व्हॉट्सॲप नंबर, तातडीच्या गोष्टीसाठी फोन, आणि नोटिसांसाठी पोर्टल. कुणाच्याही खासगी नंबरवर आलेलं बिल आलेलं धरत नाही. हे पार्टीला कडवट वाटू नये म्हणून प्रत्येकाच्या दुकानात एक छापील कार्ड दिलं, हिंदीत, मोठ्या अक्षरात. मुनीमजींनी ते गल्ल्याच्या मागे चिकटवून टाकलं. कुणी जुन्या सवयीने खासगी नंबरवर पाठवलंच तर त्याला समज देत बसू नये. 'हे ऑफिसच्या नंबरवर पाठवा, लगेच नोंद होईल' एवढं एक वाक्य उत्तरात द्यावं आणि स्वतः फॉरवर्ड करू नये. आपण फॉरवर्ड केलं की समोरच्याची सवय कधीच मोडत नाही. सुरुवातीला हे अवघड जातं, कारण जुन्या पार्टीला नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. पण दोन महिन्यांनी तीच पार्टी सांगते की आता लवकर उत्तर मिळतं.

ऑफिसचा नंबर साध्या व्हॉट्सॲपवर न ठेवता व्हॉट्सॲप बिझनेसवर ठेवावा. एका फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे दोन-तीन कॉम्प्युटरवर एकाच वेळी काम चालतं. मुख्य फोन १४ दिवस वापरला गेला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, म्हणून तो फोन कपाटात कुलूपबंद ठेवू नये. लेबलं चारच केली: नवीन, अपुरं, नोंद झाली, उत्तर बाकी. लेबलं वाढवण्याचा मोह होतो: पार्टीनुसार, महिन्यानुसार, बिलाच्या प्रकारानुसार. तो आवरावा. लेबल म्हणजे सध्याची स्थिती. प्रकार आणि महिना हे फोल्डरचं काम. आठ-दहा लेबलं झाली की लावणारा गोंधळतो आणि लावणंच सोडून देतो.

ग्रुपांचं काय करायचं? पार्टीचा मालक, मुलगा, मुनीम, ट्रान्सपोर्टवाला आणि आम्ही, असे ग्रुप बंद केले. बंद करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून त्या पार्टीच्या फोल्डरात ठेवावं. मीडियासकट एक्स्पोर्टला मर्यादा आहे, म्हणून जुन्या मोठ्या ग्रुपातली महत्त्वाची बिलं आधी वेगळी काढून घ्यावीत. व्हॉट्सॲपवरची फाइल वेळेत उतरवली नाही तर नंतर ती मिळत नाही, 'पुन्हा पाठवायला सांगा' असा निरोप येतो. ग्रुपात पडून असलेली गोष्ट सुरक्षित आहे हा समज म्हणूनच खोटा. पार्ट्यांना तारखा कळवायला ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. ही अट लोकांच्या लक्षात राहत नाही, मग 'आम्हाला तर कळवलंच नाही' अशी तक्रार येते. कार्ड देतानाच समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घ्यावा.

व्हॉइस मेसेज हा आमच्या बाजाराचा खास प्रकार. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मालक बोलून मोकळे होतात, आणि त्यांची अडचण खरीच असते. आम्ही तो दीडपट वेगाने ऐकतो आणि ऐकतानाच रजिस्टरात ओळ लिहितो. नंतर लिहू म्हणून ठेवला तर तोच मेसेज पुन्हा ऐकावा लागतो, कारण त्यात शोधता येत नाही. बोलण्यात रक्कम किंवा बिल नंबर असेल तर तो लिहून उलट पाठवायचा आणि 'सही है?' विचारायचं. त्यांचं 'हाँ' आलं की लेखी पुरावा तयार.

आता रजिस्टर. ही एक गूगल शीट आहे आणि तिचे रकाने सात: क्रमांक, आल्याची तारीख, पार्टीचा कोड, काय आलं, कुणाकडे, केव्हापर्यंत, पूर्ण. 'केव्हापर्यंत'मध्ये कायद्याची तारीख लिहायची नाही, आपली लिहायची. तीन दिवस आधीची. जीएसटीआर-वनसाठी ११ नव्हे, ८. पोर्टल ११ ला मंदावतं, ओटीपी उशिरा येतो, मालक लग्नाला उज्जैनला गेलेले असतात. शेवटच्या दिवसात हे सगळं होतंच असं धरून चालावं. रजिस्टरात प्रत्येक बिल चढवायचं नसतं. एका पार्टीचं एका महिन्याचं एका प्रकारचं जे काही आलं त्याची एक ओळ. '०४१, जुलै खरेदी, ३८ बिलं, दोन अपुरी' अशी. ही शिस्त सुटली की रजिस्टरच नवा महापूर होतं आणि कुणी बघेनासं होतं. शीट सगळे एकदम वापरतात, म्हणून साधा फिल्टर न लावता फिल्टर व्ह्यू वापरावा. साध्या फिल्टरने एकाने ओळी लपवल्या की सगळ्यांच्याच पडद्यावरून त्या जातात, आणि दुसऱ्याला वाटतं की काम संपलं.

फाइलींची नावं हा भाग नीरस वाटेल, पण शोधाशोधीचं मूळ तिथेच आहे. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाइलीचं नाव म्हणजे डीओसी, पुढे तारखेचे आठ अंक, मग डब्ल्यूए आणि एक क्रमांक. ती तारीख फाइल आल्याची असते, बिलाची नव्हे. जून महिन्याचं बिल ऑगस्टमध्ये आलं तर नाव ऑगस्टचं सांगतं. आमचं नाव असं असतं: ०४१_२०२५०७_२_०१७. पहिले तीन अंक पार्टीचा कोड, मग वर्ष आणि महिना, मग प्रकार (१ विक्री, २ खरेदी, ३ बँक, ४ खर्च, ५ नोटीस), शेवटी अनुक्रमांक. नावाऐवजी कोड अशासाठी की एकाच नावाच्या दोन फर्म एकाच बाजारात असतात, कधी एकाच घरातल्या दोन भावांच्या. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नुसता महिना लिहिला तर आर्थिक वर्षात जानेवारी एप्रिलच्या आधी येऊन बसतो. आणि नावात फक्त अंक ठेवले कारण देवनागरी अक्षरं झिप करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडताना कधी कधी चौकोन होऊन येतात, तर इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. प्रत्यक्षात हे अंक इंग्रजी (1, 2, 3) टाइप करावेत.

फोल्डर तीन पातळ्यांचे: पार्टी, आर्थिक वर्ष, प्रकार. त्याखाली आणखी खोल जाऊ नये. विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते. फोल्डरात फोल्डर, त्यांना लांबलचक नावं, असं झालं की फाइल उघडत नाही किंवा बॅकअपमधून गुपचूप सुटते. बॅकअपमधून सुटलेली फाइल नसलेलीच समजायची.

मेलसाठी आधी एक घर साफ करावं लागतं, आणि ते मेलच्या बाहेर आहे. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते प्रत्येक पार्टीसाठी तपासावं. पुष्कळदा तो आधीच्या अकाउंटंटचा निघतो. नोंदणी ज्याने केली त्याने आपलाच नंबर टाकलेला असतो. मग सूचना येतात, पण भलत्याच माणसाला. ही दुरुस्ती रजिस्ट्रेशनच्या नॉन-कोर अमेंडमेंटमध्ये, ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या (सहीचा अधिकार असलेल्याच्या) माहितीत होते; नव्या नंबरावर आणि मेलवर ओटीपी येतो, तो भरायचा. आम्ही मोबाइल मालकांचा आणि मेल पार्टीच्या नावाने उघडलेला ठेवतो, ज्यातून मेल ऑफिसकडे आपोआप फॉरवर्ड होतात. पार्टीने उद्या दुसरा सल्लागार नेमला तरी तिचा मेल तिच्याचकडे राहतो. हे न्यायाचंही आहे.

ऑफिसच्या जीमेलमध्ये फिल्टर लावताना सर्वात धोकादायक खूण म्हणजे 'स्किप द इनबॉक्स'. बँकांच्या जाहिराती, सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफर, सेमिनारची आमंत्रणं यांच्यासाठी ती ठीक. पण फिल्टर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावावा, विषयातल्या शब्दावर नव्हे. 'जीएसटी' या शब्दावर लावलेला फिल्टर सेमिनारच्या मेलबरोबर नोटिशीची सूचनाही गिळतो. सरकारी पत्त्यांसाठी उलटा फिल्टर करावा: कधीही स्पॅममध्ये टाकू नको, तारा लाव, लेबल लाव, पण इनबॉक्सातून काढू नको. ज्या मेलवर आपण फक्त सीसीत आहोत त्यांना वेगळं लेबल, ते दिवसातून एकदा पाहायचं. ऑफिसात नियम असा की ज्याने काम करायचं त्याचंच नाव 'टू'मध्ये, आणि तेही एकाचंच. दोघांना पाठवलेलं काम दोघंही दुसऱ्याचं समजतात. पासवर्ड वाटत फिरू नये. जीमेलमध्ये दुसऱ्याच्या खात्याला आपलं खातं वापरायची परवानगी देता येते, साध्या खात्यात अशा दहा जणांना.

पोर्टलची फेरी मात्र कुठल्याही फिल्टरवर सोडू नये. जीएसटी पोर्टलवर नोटिसा दोन जागी असतात: एक 'नोटिसेस अँड ऑर्डर्स', दुसरी 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स'. दुसरी बघायची राहते. पोर्टलवर ठेवलेली नोटीस ही कायद्याने बजावलेली मानली जाते, पाहिली नाही हे उत्तर टिकवायला मग भांडत बसावं लागतं. मुदती पाहा: तपासणीच्या एएसएमटी-१० ला ३० दिवस, पण जीएसटीआर-वन आणि थ्रीबीतल्या फरकाच्या डीआरसी-०१बी ला आणि टूबी-थ्रीबीतल्या फरकाच्या ०१सी ला फक्त ७ दिवस. उत्तर दिलं नाही तर पुढच्या महिन्याचा जीएसटीआर-वन अडतो, म्हणजे पार्टीच्या गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडतं, म्हणजे त्यांचे फोन सुरू. नोंदणी रद्द करण्याच्या आरईजी-१७ ला ७ कामाचे दिवस. ७ दिवसांच्या मुदतीला आठवड्यातून एक फेरी पुरत नाही; नोटीस सोमवारी संध्याकाळी पडली तर पुढच्या सोमवारी दिसते आणि हातात काही तास उरतात. म्हणून फेऱ्या दोन, सोमवारी आणि गुरुवारी. एका पार्टीला लॉगिन, कॅप्चा आणि दोन्ही जागा मिळून तीन-चार मिनिटं लागतात. पार्ट्या माणसांमध्ये वाटून द्याव्यात आणि दर महिन्याला अदलाबदल करावी, कारण तेच तेच पान पाहणाऱ्याची नजर मेली की नवी ओळ दिसत नाही. फेरीत काही सापडलं नाही तरी रजिस्टरात 'पाहिलं' अशी तारीख टाकायची.

आता वेळ. रोज एकाची आवक-ड्युटी असते. त्या दिवशी ऑफिसचा फोन, व्हॉट्सॲप आणि मेल त्याच्याकडे. त्याने दुसरं मोठं काम घ्यायचं नाही. बाकीच्यांनी आपल्या नावची आवक साडेदहा, दीड आणि पाच वाजता पाहायची. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की मेल दिवसातून तीनदाच पाहिले तर ताण कमी होतो. आणि एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लिरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. टॅलीत मेळ घालणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ४२ नोंदी जुळवून झाल्या, मध्येच कुणी विचारलं 'झालं का?', की पुन्हा पहिल्यापासून.

त्या तीन वेळांच्या मध्ये फोन डू नॉट डिस्टर्बवर. तातडीचं चुकेल ही भीती सगळ्यांनाच असते, आणि ती रास्त आहे. अँड्रॉइडमध्ये 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवावं: तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करेल तर घंटी वाजते. घरच्यांचे नंबर तारा लावून मोकळे ठेवावेत. विंडोजच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या मेलच्या पट्ट्या आणि ब्राउझरची नोटिफिकेशनं मात्र बंदच, कायमची. कुठल्या तरी साइटला कधी तरी 'अलाउ' म्हटलेलं असतं आणि ती वर्षभर टोचत राहते.

'झालं का?' हा प्रश्न येण्याआधीच उत्तर पाठवलं तर निम्मी वर्दळ थांबते. ६ तारखेला ज्यांचं अपुरं आहे त्यांना त्यांच्या नावाने, ब्रॉडकास्टने नव्हे: 'भैया, जुलाई के 38 बिल मिले, दो में जीएसटी नंबर कटा है, 8 तारीख तक भेज दीजिए।' रिटर्न भरलं की एआरएनची (रिटर्न भरल्यावर मिळणाऱ्या क्रमांकाची) पावती त्याच दिवशी. किती आलं, काय नाही, केव्हापर्यंत, या तीन गोष्टी मेसेजात असल्याच पाहिजेत. 'कृपया बिलं पाठवावीत' असा मोघम मेसेज गेला की मुनीमजी सगळीच बिलं पुन्हा पाठवतात.

खात्याची परिपत्रकं, नवे नियम, मुदतवाढीच्या अफवा या दिवसभर फिरत असतात, एकच पीडीएफ दहा जणांकडून येतो. हे वाचायचं काम शनिवारी एकाने करावं, मूळ सरकारी साइटवरून, आणि सोमवारी सकाळी पाच ओळी लिहून सगळ्यांना द्याव्यात: काय बदललं, कुठल्या पार्ट्यांना लागू. मुदतवाढ तर अधिसूचना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानूच नये.

सणासुदीला वेगळं नियोजन लागतं. दिवाळीत शुभेच्छांच्या चित्रांखाली बिलं गाडली जातात. त्या आठवड्यात आवक-ड्युटी दोघांची. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) मार्चच्या ऐन क्लोजिंगच्या आसपास येते आणि राजवाड्याकडचा बाजार त्या दिवशी रंगातच असतो. अनंत चतुर्दशीच्या झाँकी निघतात त्या ऑडिटच्या गर्दीच्या दिवसांत. या दिवसांत पार्टीकडून काहीही येणार नाही, हे धरून 'केव्हापर्यंत'ची तारीख अलीकडे ओढावी. दुसऱ्या दिवशी सगळं एकदम येऊन कोसळतं.

जुन्या ढिगाला हात केव्हा लावायचा? २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, आणि नवी घडी बसल्यावरच. आधी साठलेलं निस्तरायला घेतलं तर नवं साठत जातं. १ एप्रिलच्या आधीचं सगळं एका लेबलखाली अर्काइव्ह करावं. एकेक मेल उघडून ठरवत बसू नये. पुसून मात्र टाकू नये. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसकट. ती भरली की नवे मेल यायचेच थांबतात, पाठवणाऱ्याकडे परत जातात. म्हणून १० एमबीपेक्षा मोठे मेल आकारानुसार शोधून, मजकूर आणि जोडण्या फोल्डरात उतरवून, मगच तेवढे मेल काढावेत; जीमेलमध्ये नुसती जोडणी काढता येत नाही.

पुसायलाच हवं असं एकच: कर्मचाऱ्यांच्या फोनमधलं. आधारकार्ड, पॅन, रद्द केलेला चेक, सहीचे नमुने हे व्हॉट्सॲपवरून गॅलरीत आपोआप उतरतात आणि लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळून राहतात. चॅटच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करावी, आधीचे फोटो फोल्डरात हलवून फोनमधून आणि फोनच्या क्लाउड बॅकअपमधूनही काढावेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा तर आहेच, पण त्याआधी पार्टीने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती.

आर्टिकल मुलं, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी, कायम राहत नाहीत. दोन वर्षांची आर्टिकलशिप संपते, कुणी परीक्षेला सुटी घेतं. जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवसाआधी त्याच्या नावावरच्या 'पूर्ण' नसलेल्या सगळ्या ओळी रजिस्टरात दुसऱ्याच्या नावावर करायच्या. ऑफिसच्या व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून त्याचं उपकरण काढायचं, जीमेलमधली परवानगी काढायची, शीट आणि ड्राइव्हच्या शेअरिंगमधून त्याचा खासगी मेल वगळायचा. कुठल्या मेलला रिकव्हरी नंबर म्हणून त्याचा मोबाइल आहे का आणि कुठल्या पार्टीचे ओटीपी त्याच्याकडे जातात का, ते त्याच्या शेजारी बसून, एकेक खातं उघडून पाहायचं. तो गेल्यावर ते बदलायला ओटीपी त्याच्याचकडे मागावा लागतो.